माझ्या गोळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या, त्याची हकीकत

धर्मापुरी, ता. परळी वैजनाथ
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. अंजना हीस,

धर्मापुरीहून थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद, योगीराज पाहुण्यांना नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंच्या फोटोला माझ्या वतीने एक फूल. तुझे गुडघे कसे आहेत, कानातलं यंत्र घालतेस की अजून डब्यात ठेवून नुसती हळदकुंकू वाहतेस, कापूस किती वेचून झाला, म्हैस व्याली का, हे सगळं सविस्तर कळव. (म्हैस व्याली असेल तर चीक पाठवू नको. मागच्या वेळी तो वाटेतच नासला आणि बजरंगच्या पिशवीला आठ दिवस वास होता.) इकडे सगळे खुशाल. तुझे दाजी खुशाल, बजरंग खुशाल, नात ईश्वरी सातवीत आहे आणि खुशाल. सूनबाई तेजश्री माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, परवापासून बोलते, म्हणजे तीही खुशाल. ती का बोलत नव्हती तेवढं सांगायला हे पत्र.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तुला ऐकू येत नाही. तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला अंगणात उभं राहून ओरडावं लागतं. मागे तुझ्या पोटाची चौकशी केली तर तू नव्हे, पलीकडच्या गीताबाईने उत्तर दिलं आणि वर तुझ्यासाठी ओवा पाठवला. ही हकीकत गीताबाईने ऐकण्यासारखी नाही, कारण तिच्यात ती स्वतः दोनदा येते आणि दोन्ही वेळा काही फार चांगली दिसत नाही.

तर गोष्ट कोंबड्यांची. तेजश्रीने दोन वर्षांखाली बचत गटातून सुधारित जातीची वीस पिल्लं आणली होती, ते तुला ठाऊक आहे. काही मुंगसाने नेली, काही रोगाने गेली, चौदा उरल्या. चौदाजणी इतक्या मन लावून अंडी घालायच्या की आम्हालाच लाज वाटावी. गावाबाहेर विजयसिंह सरांची पोलीस भरतीची अकॅडमी आहे. पहाटे मुलं-मुली रस्त्याने पळतात, नंतर प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं मिळतं. तिथं राहणाऱ्या दहा मुलींची अंडी आमच्या घरून जायची. तेजश्री रोज सकाळी करंडी घेऊन जायची आणि ताठ मानेने परत यायची. सर म्हणायचे, वहिनी, तुमच्या अंड्यावर एक पोरगी फौजदार होणार बघा. (अजून कोणी झालेली नाही. पण एकीची उंची भरली, तेही अंड्यामुळेच असं तेजश्री धरून चालते.)

दसऱ्याच्या सुमारास ह्या कौतुकाला तडा गेला, आणि तोही अंड्यालाच. ईश्वरीने खुराड्यातून अंडं उचललं तर ते तिच्या हातात दबलं. नुसतं कातडं, आत पाणी, एखाद्या म्हाताऱ्या गालासारखं. बाकीची अंडी दिसायला मोठी, पहिल्यापेक्षा चांगली थोराड, पण टरफल पापडासारखं. करंडीत दोन फुटायची, पातेल्यात तीन फुटायची. एक दिवस विजयसिंह सर स्वतः दारात आले. माणूस सज्जन, आवाज कवायतीचा. म्हणाले, "वहिनी, उकळताना पातेल्यात नुसतं पांढरं जाळं होतंय. पोरी इचारतात, सर, आज अंडं हाय का शेवया?"

संध्याकाळी तेजश्री बजरंगला म्हणाली, कार्तिक संपेपर्यंत बघू, न्हाईतर ह्या सटवाला देऊन टाकू आणि नव्या तरण्या तलंगा आणू. सटवा म्हणजे मोटारसायकलीला मागे जाळीचा पिंजरा बांधून शनिवारी येतो तो कोंबडीवाला. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. (ती खुर्ची तू पाहिली नाहीस. मागच्या दिवाळीत सडा टाकताना पाय घसरला, मनगट मोडलं, तेव्हा माझ्यासाठी आणली. हात बरा झाला, पण खुर्ची गेली नाही. पाणी मी आणायचं नाही, दळण मी न्यायचं नाही, चुलीपाशी मी जायचं नाही. आत्याबाई, तुमी बसा. मी वर्षभर बसले.) मी म्हणाले, कोंबड्यांना काहीतरी औषधपाणी करून बघू. तेजश्री भाजी निवडता निवडता म्हणाली, "वय झालंय त्यांचं. आता काय सुधारणार?"

ती कोंबड्यांबद्दलच बोलत होती, हे मला चांगलं कळत होतं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तरी अंजना, खरं सांगते, मी त्या खुर्चीवरून उठले.

पहिला उपाय मी चुन्याचा केला. टरफल पांढरं, चुना पांढरा, एवढाच विचार त्यामागे होता. तुझ्या दाजींची तंबाखूची डबी देवघराच्या खिडकीत असते. तिच्यातला सगळा चुना काढून कोंबड्यांच्या पाण्यात कालवला. पाणी ताकासारखं झालं. कोंबड्यांनी चोच लावली, मान झटकली, आणि चौदाच्या चौदा ओळीने कुंपणाखालून गीताबाईकडे पाणी प्यायला गेल्या. तिथं त्यांना कडब्याची गंजी आवडली. चार दिवस आमच्या खुराड्यात एकही अंडं नाही. मला वाटलं, चुन्याने आतून सगळं बसलं की काय. पाचव्या दिवशी गीताबाईच्या अंगणातून अंडाभुर्जीचा वास आला तेव्हा उलगडा झाला. मी विचारलं तर म्हणाली, "कोंबडी माझ्या दारात आली तर मी काय हाकलू व्हय? पाहुणी हाय ती." इकडे तुझे दाजी चार दिवस कोरडी तंबाखू तळहातावर घेऊन घरभर फिरत होते. चुना कुठं गेला, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात माणूस कशाकशाला सरावतो बघ.

मग ईश्वरीमुळे मला दुसरी वाट दिसली. ती विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. त्यात अंड्याच्या टरफलाचं होतं, ते कॅल्शियमचं बनतं वगैरे. आता हा शब्द माझ्या ओळखीचा. मनगट मोडलं तेव्हा परळीच्या हाडाच्या डॉक्टरांनी मला ज्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांच्या पाकिटावर तोच शब्द आहे. रोज एक, जेवणानंतर, वर्षभर. गोळी कसली, खडूचा तुकडा. घशात आडवी बसते आणि संध्याकाळपर्यंत तिथंच मुक्काम करते. पहिल्या महिन्यात मी मन लावून घेतल्या. नंतर मी त्या घ्यायच्या म्हणून घेत होते आणि हरभऱ्याच्या डब्यात ठेवत होते. (हे बजरंगला माहीत नाही. म्हणजे आता माहीत आहे.) त्या डब्यात पाच-सहा पाकिटं साठली होती. मी विचार केला, हाडं माझी काय आणि टरफल त्यांचं काय, वस्तू एकच. मला घशाखाली उतरत नाही, त्यांना दात नाहीत म्हणून चावायचा प्रश्न नाही. दोन गोळ्या पाट्यावर वाटायच्या, ज्वारीच्या भरड्यात मिसळायच्या आणि सकाळी टाकायच्या. असं मी वीस दिवस केलं. दिवाळीतसुद्धा खंड नाही.

आता गंमत ऐक. हरभरा काढायला म्हणून तेजश्रीने तो डबा उघडला असता तर सगळं तेव्हाच संपलं असतं. पण तिने पाहिली ती केराच्या टोपलीतली रिकामी पाकिटं. तिचा चेहरा असा फुलला की मला खाली बघवेना. "आत्याबाई आता न सांगता गोळ्या घेतात," हे तिने आधी बजरंगला सांगितलं, मग माहेरी फोनवर सांगितलं, मग गीताबाईला सांगितलं. भाऊबीजेला आलेल्या माझ्या नणंदेसमोर माझी एवढी स्तुती झाली की मी दोन लाडू जास्त खाल्ले, बोलायला लागू नये म्हणून. बजरंगने खूश होऊन आणखी तीन पाकिटं आणली. मी मनाशी म्हणत होते, एकदा टरफल घट्ट झालं की सांगून टाकीन. पण टरफल काही होईना. कोंबड्या भरडा तेवढा नेमका टिपायच्या आणि गोळीची भुकटी मातीत सोडायच्या. अंगण पांढरं झालं, अंडी होती तशीच.

तिसऱ्या उपायाचं मला आजही वाईट वाटतं. मला वाटलं, टरफलाला टरफलच पाहिजे. फुटलेल्या अंड्यांची टरफलं मी गोळा केली आणि अर्धी अर्धी, जशी होती तशी टाकली. चौदाजणी तुटून पडल्या. मी खुर्ची अंगणात नेऊन कौतुकाने बघत बसले. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की हा खाऊ आपण रोज स्वतःच तयार करतो. तिसऱ्या दिवसापासून एकीने अंडं घालायचं आणि तिघींनी ते फोडून खायचं, असं सुरू झालं. अकॅडमीला दहाच्या जागी चार अंडी गेली. विजयसिंह सर करंडीत बघून नुसतं हूं म्हणाले. तेजश्री परत आली ती मान खाली घालून. कार्तिक अर्धा सरला होता. त्या दिवशी मी जेवले नाही. सोमवार होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गीताबाईच्या म्हशीला बघायला जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. वर्षाराणी नाव. वयाने आपल्या तेजश्रीएवढी, पायात बूट, म्हशीच्या पोटाला कान लावून उभी. मी कुंपणापाशी गेले आणि हळूच विचारलं, बाई, जुन्या कोंबडीचं टरफल घट्ट व्हायला काय करावं. त्या हात धुऊन आमच्या अंगणात आल्या. जमिनीकडे बघितलं, पांढरी भुकटी बोटावर घेतली, वास घेतला.

"आजी, हे काय टाकलंय?"

खोटं बोलायला मला वेळच मिळाला नाही. मी सांगितलं, माझ्या गोळ्या.

"किती?"

"रोज दोन. एकीला न्हाई, सगळ्या चौदाजणींत."

त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एका कोंबडीला दिवसाला चार ग्रॅम लागतं. तुमच्या गोळीत अर्धा ग्रॅम असतं. म्हणजे एकीलाच आठ गोळ्या झाल्या. ह्यात त्यांचं काहीच भागलं नसणार." मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, "आणि तुमी किती घेतल्या?"

मी गीताबाईच्या म्हशीकडे बघू लागले. म्हैस बरी दिसत होती.

मग त्यांनी मला कट्ट्यावर बसवून असं समजावलं की, अंजना, शाळेत एवढं कोणी समजावलं असतं तर मी सातवीच्या पुढे गेले असते. कोंबडीचं वय वाढलं की अंडं मोठं होत जातं, पण त्यावर चढवायचा माल तेवढाच राहतो, म्हणून टरफल ताणून पातळ होतं. खाल्लेलं अंगी लागणंही कमी होतं. त्यात टरफल बनतं ते रात्री, कोंबडी झोपलेली असताना. सकाळी दिलेली भुकटी दुपारपर्यंत पोटातून निघून जाते, आणि रात्री माल लागतो तेव्हा पोट रिकामं. म्हणून द्यायचं ते संध्याकाळी, आणि द्यायचं ते जाडसर, तुरीच्या डाळीएवढं. ते पोटात रात्रभर पडून राहतं आणि हळूहळू विरघळतं. भरड्यात मिसळायचं नाही, वेगळ्या भांड्यात ठेवायचं, जिला जेवढं लागतं तेवढं ती आपण होऊन खाते. शिंपल्याची चुरी सगळ्यात चांगली, परळीला कोंबडीच्या खाद्याच्या दुकानात मिळते. अर्धी टरफलं टाकणं बंद, अंडी दिवसातून तीनदा उचलायची, अंड्यांच्या जागेवर पोतं लावून अंधार करायचा म्हणजे फोडून खायची सवय मोडते. "बारा-पंधरा दिवस बघा," म्हणाल्या, "सगळ्या सुधारतील असं न्हाई. पण बऱ्याच सुधारतात. म्हाताऱ्या झाल्या म्हणजे संपल्या असं नसतंय." जाताना वळून म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या मात्र तुमीच घ्या."

परळीला जायचं कसं, हा प्रश्न होता. हात मोडल्यापासून मी एकटी वेशीबाहेर गेले नव्हते. बजरंगला सांगावं तर सगळं सांगावं लागणार. मी घरात म्हणाले, वैजनाथाच्या दर्शनाला जाते. तेजश्री म्हणाली, इतवारपर्यंत थांबा, हे घेऊन जातील. मी म्हणाले, देवाला उद्या यायचं बोलले आहे. (हे देवाला नंतर जाऊन सांगितलं, आणि त्याने मनावर घेतलं नाही असं दिसतं.) सकाळच्या बसने गेले. थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या टँकरमागून बस चालली होती, उतरले तेव्हा माझं हिरवं लुगडं करडं झालं होतं. दुकान सापडलं. दुकानदाराने विचारलं, "किती पक्षी आहेत? पाच हजार, दहा हजार?" मी म्हणाले, चौदा. त्याने वर बघितलं, लुगडं बघितलं, आणि मुकाट्याने फोडलेल्या पोत्यातून पाच किलो चुरी मापून दिली. वर म्हणाला, "आजी, ह्याला शेलग्रिट म्हणत्यात. पुढल्या खेपेला तसंच मागा."

देवाला जाते म्हटलं होतं, तेव्हा देवळात जाणं भाग होतं. दारात शिपायाने पिशवी तपासायला घेतली. ह्यात काय, शिंपले. कशाला, कोंबड्यांना. देवाच्या दारात काय खोटं बोलणार. त्याने पिशवी चपलांच्या फळीवर ठेवायला लावली. दर्शन घेताना माझं अर्धं लक्ष चपलांच्या फळीवर होतं. मी देवाजवळ फार काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, पंधरा दिवस मिळू देत.

परतताना लुगड्याच्या पदराची चुंबळ केली आणि पिशवी डोक्यावर घेतली. हातात ओझं नको, हे मला कळतं. स्टँडपासून घरापर्यंत चालत आले. वर्षभरानंतर डोक्यावर काहीतरी होतं. घाम आला, पण चांगला आला. वाटेत गीताबाई भेटली आणि एवढा मोठा प्रसाद बघून मागे मागे आली. तिला दोन पेढे देऊन वाटेला लावलं.

त्या दिवसापासून दिवेलागणीला एका फुटक्या परातीत चुरी ठेवायची, एवढं माझं काम झालं. परातीभोवती काय शांतता असते म्हणून सांगू. भांडण नाही, ओढाओढ नाही. एक येते, चार-पाच दाणे टिपते, निघून जाते. दुसरी थांबून राहते, पुष्कळ खाते. कुणाला किती हवं ते त्यांना कळतं. मी पोत्याचे पडदे शिवून लावले, दिवसातून तीनदा वाकून अंडी गोळा केली. तेजश्री म्हणाली, आत्याबाई, तुमी कावून वाकताय. मी म्हणाले, गोळ्यांनी ताकद आलीय. (हे वाक्य मला नंतर महागात पडलं.)

आठव्या दिवशी सकाळी मी एक अंडं तांब्यावर हलकेच वाजवलं. कवडी वाजावी तसा आवाज आला. मी पुन्हा वाजवलं. ईश्वरी धावत आली, तिनेही वाजवलं. आम्ही दोघी अंगणात बसून दहा अंडी वाजवली. चौदापैकी बाराजणी मार्गाला लागल्या होत्या. फोडून खाणंही थांबलं होतं. फक्त काळी आणि तुरेवाली, ह्या दोघी अंडंच घालत नव्हत्या, तर टरफलाचा काय प्रश्न.

कार्तिकातल्या शेवटच्या शनिवारी सटवा पिंजरा घेऊन आला. खुराड्यासमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, जून कोंबडी, रस्सा चांगला होतोय. सगळ्या काढा." तेजश्री त्याच वेळी अकॅडमीतून परत आली होती. करंडी रिकामी. म्हणाली, "सर म्हणाले, चार दिवसांत एकबी अंडं पातेल्यात फुटलं न्हाई. पुढल्या महिन्यापासून मुलांचीबी अंडी आपल्याकडून नेऊ का, असं इचारत होते." तिने खुराड्यातून एक अंडं काढलं, अंगठ्याने दाबून बघितलं, मग दोन्ही तळव्यांत धरून चांगलं दाबलं. काही झालं नाही. सटवाला म्हणाली, "ह्या राहू दे. त्या दोघी पुढल्या खेपेला बघू."

इथवर सगळं चांगलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर हे पत्रही चांगलं झालं असतं. पण सटवा गेल्यावर ती माझ्यापाशी आली आणि माझं मनगट हातात घेऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमी गोळ्या नीट घ्यायला लागलात तवापासून ह्या घरात सगळं नीट चाललंय बघा."

मला ते सोसलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. चुना, डबा, पाटा, डॉक्टरबाई, चपलांची फळी, सगळं. वाटलं होतं, हसेल.

तिने माझं मनगट सोडलं नाही. म्हणाली, "कावून केलंत असं? हात मोडला तवा सहा आठवडे तुमची वेणी मी घातली, घास मी भरवला. आता कंबर मोडली असती तर?"

मी म्हणाले, कोंबड्या जात होत्या गं.

"कोंबड्या बाजारात दुसऱ्या मिळतात," एवढं म्हणून ती आत गेली.

दोन दिवस अबोला. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, भाकरी गरम, पण शब्द नाही. तुझे दाजीसुद्धा घाबरून अंगणात बसले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी परात ठेवून उठत होते, तर समोर तेजश्री, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गोळी. गोळीचे तिने चार तुकडे केले होते. म्हणाली, "आडवी बसती म्हणून सांगायचं की मग." मी चारही तुकडे तिच्यादेखत गिळले. घशात काही अडलं नाही. आता रोज तसंच चालतं. आधी त्यांची परात, मग माझी गोळी. आणि दळण आणायला मी जाते, निम्मं मी, निम्मं ईश्वरी. खुर्चीवर तुझे दाजी बसतात. त्यांना शोभते.

असो. पत्र लांबलं. पाहुण्यांना सांग, थंडीत कानाला बांधून शेतात जा म्हणावं. तू दूध पी, आणि तुझ्या डॉक्टरने काही गोळ्या दिल्या असतील तर हरभऱ्याच्या डब्यात ठेवू नको, तो कोणीतरी कधीतरी उघडतंच.

तुझी,
कौशल्याताई

ता. क. : तेजश्रीचं म्हणणं आहे, काळी आणि तुरेवाली नुसत्या खातात, तेव्हा सटवा येईल तेव्हा त्या द्याव्यात. तिचं बरोबर आहे. म्हणून पुढच्या गुरुवारी बजरंग ट्रॅक्टरच्या कामाला गेवराईला येतोय, त्याच्याबरोबर दोघींना तुझ्याकडे पाठवते. बरोबर दोन किलो चुरी देते. गोठ्याचा एक कोपरा दिलास तरी पुरे. फार गुणी आहेत, अंडीही चांगली घालतात.

ता. क. दुसरा : अंडी चांगली घालतात, हे सवयीने लिहिलं. महिनाभरात एकही घातलेलं नाही. आता खरंच सांगायचं असं ठरवलंय, म्हणून खोडत नाही, खाली लिहिते. तरी ठेवून घे.

ता. क. तिसरा : मावशी, तेजश्रीचा नमस्कार. आत्याबाईंनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. काळीने चार दिवसांत दोन अंडी घातलीत, दोन्ही टणक. मी आत्याबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या तिला ठेवून घेतील आणि कोणालाच पाठवणार नाहीत. मला कोंबड्यांच्या निमित्ताने आत्याबाईंना पाठवायचं आहे. गुरुवारी कोंबड्यांबरोबर त्यासुद्धा येत आहेत, हे मी त्यांना बुधवारी सांगेन, म्हणजे नाही म्हणायला वेळ राहणार नाही. वर्षभर मी त्यांना जपायचं म्हणून बसवून ठेवलं, ते चुकलंच. डोक्यावर पाच किलो घेऊन स्टँडपासून चालत येतात, हे मला पत्रातून कळलं. पंधरा दिवस ठेवून घ्या, कापूस वेचायला न्या, काम सांगा. पिशवीत पंधरा गोळ्या मोजून ठेवल्यात. दिवेलागणीला एक, चार तुकडे करून, तुमच्यासमोर. कोंबड्यांकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल, त्या आपलं आपण खातात.